आकडा आणि अर्थ: चेता-अंतःस्रावी अर्बुदांच्या परिमाणात्मक पेट चित्रणाची चिकित्सा

गोषवारा

चेता-अंतःस्रावी अर्बुदांच्या निदानात व उपचारात पेट चित्रणाला गेल्या दोन दशकांत मध्यवर्ती स्थान प्राप्त झाले आहे. या चित्रणातून मिळणारे ‘प्रमाणित ग्रहण मूल्य’ अर्थात एसयूव्ही हा आकडा वस्तुनिष्ठ मानला जातो. प्रस्तुत निबंधात हा आकडा कसा तयार होतो, तो कोठे विश्वासार्ह असतो व कोठे दिशाभूल करतो, याची चिकित्सा केली आहे. एफडीजी आणि डोटाटेट या दोन चाचण्यांत एकाच आकड्याचा अर्थ जवळजवळ उलटा होतो, हा निबंधाचा मध्यवर्ती मुद्दा होय. रुग्णाच्या हाती पडणाऱ्या अहवालाची भाषा आणि मराठी परिभाषेची गरज यांचाही विचार येथे केला आहे.

बीजशब्द: चेता-अंतःस्रावी अर्बुद, पेट चित्रण, एसयूव्ही, सोमॅटोस्टॅटिन ग्राही, डोटाटेट, परिभाषा.

१. प्रस्तावना

मार्च २०१८ मध्ये अभिनेते इरफान खान यांनी आपल्याला न्यूरोएन्डोक्राइन ट्यूमर झाल्याचे जाहीर केले, तेव्हा हा शब्द बहुसंख्य वाचकांनी प्रथमच ऐकला. २९ एप्रिल २०२० रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. तथापि वैद्यकशास्त्राला हा आजार नवा नाही. जर्मन विकृतिशास्त्रज्ञ सिगफ्रीड ओबर्नडॉर्फर यांनी १९०७ मध्येच लहान आतड्यातील अशा गाठींना ‘कार्सिनॉइड’, म्हणजे कर्करोगासारखी दिसणारी गाठ, असे नाव दिले होते. संप्रेरके स्रवणाऱ्या पेशींपासून उद्भवणाऱ्या या गाठी आतडे, स्वादुपिंड, फुप्फुस अशा अवयवांत आढळतात. काही वर्षानुवर्षे संथपणे वाढतात, तर काही अत्यंत आक्रमक असतात. त्यामुळे गाठ आहे किंवा नाही एवढे सांगून भागत नाही. ती कोणत्या स्वभावाची आहे हेही सांगावे लागते आणि या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरासाठी पेट चित्रणातील आकड्याचा आधार घेतला जातो.

या विषयाशी महाराष्ट्राचा संबंध निकटचा आहे. भाभा अणुसंशोधन केंद्राचे रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ मध्ये मुंबईत स्थापन झाले. देशातील पहिले वैद्यकीय सायक्लोट्रॉन व पेट चित्रणाची सुविधा २००२ मध्ये परळ येथील याच केंद्रात सुरू झाली. या अर्बुदांवरील उपचारासाठी वापरले जाणारे ल्युटेशियम-१७७ हे समस्थानिक तुर्भे येथील ध्रुव अणुभट्टीत तयार करण्यात आले. म्हणजेच चित्रण आणि उपचार या दोन्ही अंगांनी हे शास्त्र आपल्या राज्यात रुजले आहे. मात्र त्याची मराठीतील चर्चा बव्हंशी बातमी आणि जाहिरात यांपुरती मर्यादित राहिली आहे. त्याच्या पद्धतीची चिकित्सा मराठीत व्हावी, या हेतूने प्रस्तुत निबंध लिहिला आहे.

२. आकडा कसा तयार होतो?

पेट चित्रणात रुग्णाच्या शिरेतून अत्यल्प प्रमाणात किरणोत्सारी द्रव्य टोचले जाते. त्यातून बाहेर पडणारा पॉझिट्रॉन जवळच्या इलेक्ट्रॉनला भेटताच दोन्ही नष्ट होतात आणि प्रत्येकी ५११ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचे दोन गॅमा किरण परस्परविरुद्ध दिशांना निघतात. रुग्णाभोवतीच्या वर्तुळाकार शोधकांवर हे दोन्ही किरण जवळजवळ एकाच क्षणी आदळतात. अशा लाखो जोड्यांच्या नोंदींवरून शरीरात ते द्रव्य कोठे व किती साठले आहे याचे चित्र उभे केले जाते. शरीरातून येताना किरणांची किती क्षती झाली याचा हिशेब सोबतच्या सीटी चित्रावरून मांडता येतो. म्हणूनच या तंत्राला केवळ चित्र न देता प्रमाणही सांगता येते.

एसयूव्हीमागील कल्पना सोपी आहे. टोचलेले द्रव्य सर्व शरीरात समप्रमाणात पसरले असते तर कोणत्याही ठिकाणी जेवढे आढळले असते, त्याच्या किती पट ते प्रत्यक्षात त्या ठिकाणी आढळते, ते सांगणारी ही संख्या आहे. समजा ६० किलो वजनाच्या रुग्णाला १५० मेगाबेक्रेल द्रव्य टोचले. समान वाटणी झाली असती तर दर ग्रॅमला २.५ किलोबेक्रेल आले असते. गाठीत दर ग्रॅमला ५० किलोबेक्रेल आढळले, तर तिचे एसयूव्ही २० झाले. गाठीतील सर्वांत तेजस्वी बिंदूच्या मूल्याला कमाल एसयूव्ही म्हणतात. अहवालात बहुधा हाच आकडा असतो.

या सोप्या भागाकारात तीन मापे गुंतलेली आहेत: गाठीतील द्रव्य, टोचलेले द्रव्य आणि रुग्णाचे वजन. यांपैकी एकही माप चुकले की आकडा चुकतो. शिवाय द्रव्य सतत क्षय पावत असते. गॅलियम-६८ चा अर्धायुकाल सुमारे ६८ मिनिटे आहे. औषध मोजण्याच्या खोलीतील घड्याळ आणि स्कॅनरमधील घड्याळ यांत १० मिनिटांचा फरक असेल, तर केवळ त्यामुळे आकडा सुमारे १० टक्क्यांनी बदलतो. आपल्या जिल्ह्यातील वाचकाला साखर उताऱ्याचे उदाहरण परिचित आहे. तोडलेला ऊस गाळपापूर्वी किती काळ पडून राहिला यावर उतारा अवलंबून असतो आणि ती वेळ न सांगता दोन कारखान्यांच्या उताऱ्यांची तुलना कोणी जाणकार करणार नाही. पेट चित्रणाच्या आकड्यालाही हाच न्याय लागू होतो.

३. एकच आकडा, दोन अर्थ

सर्वसामान्यतः कर्करोगात केले जाणारे पेट चित्रण हे फ्लोरीन-१८ जोडलेल्या ग्लुकोजसदृश द्रव्याचे, म्हणजे एफडीजीचे असते. वेगाने वाढणाऱ्या पेशी साखर अधिक ओढून घेतात आणि चित्रात उजळतात. येथे मोठा आकडा सामान्यतः अधिक आक्रमक आजार सुचवतो. ‘स्कॅनमध्ये चमकले म्हणजे वाईट’ ही लोकांत रूढ झालेली समजूत या चाचणीपुरती बरीचशी खरी आहे.

डोटाटेट चाचणीचे तत्त्व वेगळे आहे. सुविभेदित, म्हणजे मूळ पेशींशी साम्य टिकवून असलेल्या चेता-अंतःस्रावी अर्बुदांच्या पृष्ठभागावर सोमॅटोस्टॅटिन या संप्रेरकाचे ग्राही विपुल असतात. गॅलियम-६८ ला जोडलेला डोटाटेट हा रेणू त्या ग्राहींना जाऊन चिकटतो. येथे मोठा आकडा ग्राहींची विपुलता दाखवतो. ग्राही विपुल असणे हे बहुधा पेशींनी आपला मूळ स्वभाव टिकवल्याचे लक्षण असते. शिवाय याच ग्राहींच्या वाटेने ल्युटेशियम-१७७ गाठीपर्यंत पोहोचवून उपचार करता येतो. म्हणजे या चाचणीतील ३० हा आकडा अनेकदा रुग्णाच्या बाजूचा असतो. उलट ज्ञात गाठ या चाचणीत न उजळणे ही चिंतेची बाब ठरू शकते. पेशी मूळ स्वभावापासून दूर गेल्या की ग्राही नाहीसे होतात, साखरेची ओढ वाढते आणि दोन्ही चाचण्यांचे निकाल जणू जागा बदलतात.

या दुहेरी वाचनाला संशोधनाचा आधार आहे. कोपनहेगन येथे चेता-अंतःस्रावी अर्बुदाच्या ९८ रुग्णांवर झालेल्या व २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एफडीजी चाचणीतील उजळपणा मृत्यूच्या वाढीव जोखमीशी निगडित आढळला. २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी दोन्ही चाचण्या एकत्र वाचून गुणांकन करण्याची ‘नेटपेट’ पद्धती सुचवली. या पद्धतीचे खरे महत्त्व तिच्या गृहीतकात आहे. एक चित्र अपुरे असून दोन चित्रांचा परस्परसंबंध वाचावा लागतो, हे त्या गृहीतकात मान्य केलेले आहे.

४. संशोधनातील आकड्यांची चिकित्सा

एसयूव्हीवरील टीका नवी नाही. अमेरिकन तज्ज्ञ जॉन कीज यांनी १९९५ मध्येच, या संक्षेपाचा अर्थ ‘मूर्ख निरुपयोगी मूल्य’ असा तर नव्हे ना, असा उपरोधिक प्रश्न आपल्या लेखाच्या शीर्षकातून विचारला होता. त्यांचा रोख एफडीजीवर होता. डोटाटेटच्या संदर्भात हा प्रश्न अधिक तीव्र होतो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. त्यासाठी तीन उदाहरणे पाहू.

पहिले उदाहरण उपचारपूर्व भाकिताचे. जर्मनीतील हायडेलबर्ग येथील संशोधकांनी २०१५ मध्ये यकृतातील गाठींच्या अभ्यासावरून कमाल एसयूव्ही १६.४ ही सीमारेषा सुचवली. त्याहून अधिक मूल्य असलेल्या गाठी उपचाराला प्रतिसाद देण्याची शक्यता अधिक, असा तिचा आशय आहे. दिशा म्हणून हा निष्कर्ष पटण्यासारखा आहे. पण आकड्यातील दशांश फसवा आहे. वर सांगितलेली १० मिनिटांची एकच चूक १६.४ चे १४.८ किंवा १८.२ करू शकते. एका केंद्रात, एका यंत्रावर आखलेली रेषा दुसऱ्या केंद्रातील रुग्णाला जशीच्या तशी लावणे म्हणूनच शास्त्रीय ठरत नाही.

दुसरे उदाहरण उपचारानंतरच्या मूल्यमापनाचे. इन्सब्रुक येथील गटाने २००९ मध्ये असे दाखवले, की उपचाराचा परिणाम जोखताना ग्राही-पेट चित्रणाने सीटी वा एमआरआयहून विशेष सरस माहिती दिली नाही. लगेच २०१० मध्ये म्युनिक येथील गटाने ३३ रुग्णांच्या अभ्यासातून वेगळा निष्कर्ष मांडला. पहिल्या उपचारफेरीनंतर गाठीतील ग्रहण घटले, तर आजार दीर्घकाळ आटोक्यात राहतो, असे त्यांना आढळले. मात्र कमाल एसयूव्हीतील घट पुरेशी बोलकी नव्हती. गाठ आणि प्लीहा यांच्या मूल्यांचे गुणोत्तर अधिक उपयुक्त ठरले. हे गुणोत्तर आकर्षक आहे, पण त्याचीही अडचण आहे. स्वादुपिंडाच्या शेपटाकडील गाठ काढताना अनेकदा प्लीहाही काढावी लागते. ज्या रुग्णाला प्लीहाच नाही त्याच्यासाठी हा मापदंडच उरत नाही. त्याखेरीज गाठींचा एकूण भार फार मोठा असेल तर त्या बहुतांश द्रव्य आपल्याकडे खेचतात आणि यकृत, प्लीहा, मूत्रपिंडे यांच्या वाट्याला कमी येते. तुलनेचा आधारच असा खाली सरकला की गुणोत्तर आपोआप फुगते.

तिसरे उदाहरण अधिक मूलभूत आहे. स्वीडनमधील उप्साला येथील संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवले, की द्रव्य गाठीत शिरण्याचा प्रत्यक्ष वेग आणि एसयूव्ही यांचे नाते मोठ्या मूल्यांना सरळ राहत नाही. वेग वाढत गेला तरी एसयूव्ही त्या प्रमाणात वाढत नाही. म्हणजे जेथे आकडा सर्वांत भारदस्त दिसतो, तेथेच तो फरक दाखवण्यास असमर्थ ठरतो. ३० आणि ४० यांतील अंतर हे ५ आणि १५ यांतील अंतराएवढेच अर्थपूर्ण आहे, असे मानता येत नाही.

या पार्श्वभूमीवर एक वस्तुस्थिती विचारात घेण्याजोगी आहे. ल्युटेशियम उपचाराची उपयुक्तता प्रस्थापित करणारी ‘नेटर-१’ ही चाचणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात २२९ रुग्ण होते. २० महिन्यांनंतर आजार न वाढता राहिलेल्यांचे अनुमानित प्रमाण ल्युटेशियम गटात ६५.२ टक्के, तर तुलना-गटात १०.८ टक्के होते. या चाचणीतील रुग्णांची निवड एसयूव्हीवरून झाली नव्हती. इंडियम-१११ वापरणाऱ्या जुन्या ऑक्ट्रिओस्कॅन चित्रात गाठ यकृताइतकी किंवा त्याहून अधिक उजळते का, हे डोळ्यांनी पाहून ती झाली होती. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘नेटर-२’ चाचणीतही दृश्य श्रेणीच वापरली गेली. रॉटरडॅमच्या क्रेनिंग यांच्या नावाने ओळखली जाणारी ही श्रेणी ० ते ४ अशी आहे. यकृत आणि प्लीहा यांच्याशी तुलना हा तिचा पाया. उपचाराचा सर्वांत भक्कम पुरावा अशा साध्या पाच पायऱ्यांवर उभा आहे.

यावरून आकडे टाकून द्यावेत असा निष्कर्ष काढणे मात्र चुकीचे होईल. डोळाही निर्दोष नसतो. पडद्यावरील रंगपट्टी बदलली की तीच गाठ फिकी वा गडद दिसते. सर्व शरीरातील गाठींचा एकत्रित भार मोजणे किंवा मूत्रपिंडांना किती किरणमात्रा मिळेल याचा अंदाज घेणे हे नजरेने साधणारे काम नव्हे. आक्षेप परिमाणावर नसून संदर्भावाचून उच्चारलेल्या एकाकी परिमाणावर आहे.

५. एकाकी आकड्याचे तीन धोके

पहिला धोका ‘कमाल’ या शब्दात दडला आहे. कमाल एसयूव्ही हा सर्वांत तेजस्वी बिंदूचा आकडा असतो. एफडीजी चाचणीत तो सर्वांत आक्रमक जागेकडे बोट दाखवतो. डोटाटेट चाचणीत मात्र तो सर्वांत सुस्वभावी गाठीचा गुणगौरव करतो. धोकादायक ठरू शकते ती न उजळलेली गाठ. वर्गात पहिल्या आलेल्या विद्यार्थ्याचे गुण पाहून वर्गाचा निकाल ठरवावा, तसा हा प्रकार होय. या चाचणीत शेवटच्या बाकावरील विद्यार्थ्याचा शोध घेणे अधिक गरजेचे असते.

दुसरा धोका ‘घट’ या शब्दात आहे. उपचारानंतर आकडा २५ वरून १२ वर आला तर पेशी मेल्या असतील, किंवा त्या जिवंत राहून त्यांनी ग्राही गमावले असतील. पहिली शक्यता दिलासादायक, तर दुसरी गंभीर आहे. आकडा या दोहोंत भेद करू शकत नाही. तो भेद गाठीचा आकार, एफडीजी चित्र, रक्ततपासणी, लक्षणे आणि आवश्यक तेथे पुन्हा केलेली बायोप्सी यांवरूनच करावा लागतो.

तिसरा धोका वजनाचा आहे आणि तो सर्वांत क्रूर आहे. एसयूव्हीच्या सूत्रात वजन गुणक म्हणून येते. आजाराने खंगलेल्या रुग्णाचे वजन ६० किलोवरून ५४ किलो झाले आणि गाठीने टोचलेल्या द्रव्यातील पूर्वीइतकाच वाटा दर ग्रॅमला घेतला, तरी आकडा १० टक्क्यांनी कमी येतो. रुग्ण झिजत असताना अहवालात सुधारणेचा आभास निर्माण होतो.

यांत अतिसूक्ष्म गाठींची भर घालावी लागेल. यंत्राच्या पृथक्करणक्षमतेच्या मर्यादेमुळे साधारण सेंटिमीटरहून लहान गाठींचे तेज आजूबाजूला सांडते व आकडा खरा असतो त्याहून कमी दिसतो. स्वादुपिंडाच्या शीर्षाजवळचा भाग, पीयूषिका ग्रंथी आणि अधिवृक्क ग्रंथी येथे निरोगी अवस्थेतही ग्रहण आढळते. तेथील आकडा पाहून गाठ असल्याचा निष्कर्ष काढणे धोक्याचे असते.

६. अहवालाची भाषा

वरील सर्व मर्यादा तज्ज्ञांना ज्ञात आहेत. प्रश्न आहे तो तज्ज्ञाच्या दालनाबाहेर पडलेल्या अहवालाचा. अकोले, पाथर्डी वा कर्जत तालुक्यातील रुग्ण तपासणीसाठी पुण्या-मुंबईस जातो, तेव्हा तो परतताना एक इंग्रजी कागद आणि त्यातील ठळक आकडा घेऊन येतो. वाक्ये कळत नाहीत, पण आकडा कळतो. निदान कळला असे वाटते. घरातील शिकलेला मुलगा तो आकडा पूर्वीच्या एफडीजी अहवालातील आकड्याशेजारी ठेवतो. एका कागदावर ६, दुसऱ्यावर ३१. आजार पाचपट वाढला, असा अर्थ त्या घरात लावला जाण्याची शक्यता नाकारता येत नाही. प्रत्यक्षात दोन्ही आकडे दोन निरनिराळ्या गोष्टींची मापे आहेत.

येथे मराठी परिभाषेचा प्रश्न उपस्थित होतो. ‘ग्रहण’ हा रूढ पारिभाषिक शब्द सामान्य वाचकाच्या मनात सूर्यचंद्राचे ग्रहण जागवतो आणि त्याला अशुभाची छटा आहे. ‘शोषण’ या शब्दाला अन्यायाचा अर्थ चिकटला आहे. शिवाय दोन्ही चाचण्यांसाठी एकच शब्द वापरल्याने त्यांतील मूलभूत भेद पुसला जातो. म्हणून एफडीजी चाचणीच्या मूल्याला ‘साखर-ओढ’ आणि डोटाटेट चाचणीच्या मूल्याला ‘ग्राही-पकड’ अशी दोन स्वतंत्र नावे द्यावीत, असे येथे सुचवावेसे वाटते. ‘ओढ वाढली’ आणि ‘पकड वाढली’ या दोन विधानांचा अर्थ एक नाही, हे ऐकणाऱ्याला शब्दांवरूनच उमगते. परिभाषा ही केवळ भाषांतराची सोय नसून ती विचाराचे साधन असते, हे यावरून स्पष्ट व्हावे.

७. जामखेडचा दाखला

सामान्य माणसाला वैद्यकीय आकडे कळणार नाहीत, हा आक्षेप येथे अपेक्षित आहे. त्याचे उत्तर आपल्याच जिल्ह्यात मिळते. डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेड येथे सर्वांगीण ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. त्यांनी प्रशिक्षित केलेल्या ग्राम-आरोग्यसेविकांपैकी अनेकींनी शाळा पाहिलेली नव्हती. तरीही त्या बालकांच्या वाढीवर लक्ष ठेवू लागल्या, वजन घटण्याचा अर्थ मातांना सांगू लागल्या. त्यांच्या हाती आलेला आकडा संदर्भासह आला होता: हे मूल मागील महिन्यात कसे होते, घरी काय खाते, नुकतेच आजारी होते काय. आरोळे दांपत्याला १९७९ चा मॅगसेसे पुरस्कार लाभला.

वजनकाटा आणि पेट स्कॅनर यांच्या गुंतागुंतीत अर्थातच मोठे अंतर आहे, आणि डोटाटेट अहवालाचे निदान गावपातळीवर व्हावे असे येथे सुचवायचे नाही. पण आकड्यासोबत त्याचा संदर्भ देणे हे तज्ज्ञाचे कर्तव्य आहे आणि तो समजून घेणे सामान्य माणसाच्या आवाक्यात असते, हे जामखेडने दाखवून दिले आहे.

८. निष्कर्ष

१. एसयूव्ही हे उपयुक्त पण सापेक्ष मूल्य आहे. वेळ, वजन, यंत्र आणि द्रव्य यांच्या उल्लेखाविना त्याला अर्थ नाही.

२. एफडीजी आणि डोटाटेट चाचण्यांतील मूल्यांची परस्परांशी तुलना करू नये. पहिल्या चाचणीत मोठा आकडा बहुधा आक्रमकता, तर दुसरीत ग्राहींची विपुलता दर्शवतो.

३. उपचाराचा निर्णय केवळ सीमारेषेच्या आकड्यावर घेण्यास उपलब्ध पुरावा पुरेसा नाही. न उजळलेल्या गाठींची स्वतंत्र नोंद अहवालात असावी.

४. पाठपुराव्याची तपासणी शक्यतो त्याच केंद्रात, त्याच यंत्रावर व टोचल्यानंतर तेवढ्याच अवधीने व्हावी. केंद्र बदलावे लागल्यास जुनी चित्रे सोबत न्यावीत. केवळ आकड्यांचा कागद पुरेसा नाही.

५. अहवालाच्या अखेरीस मराठीत चार ओळी असाव्यात: कोणती चाचणी झाली, त्यात मोठा आकडा काय सुचवतो, मागील तपासणीशी तुलना शक्य आहे काय आणि पुढे कोणाशी बोलावे.

यांपैकी शेवटच्या सूचनेला नवे यंत्र लागत नाही, खर्चही लागत नाही. परळच्या केंद्राने २००२ मध्ये हे चित्रण देशात आणले. त्या चित्रातील आकडा रुग्णाला त्याच्या भाषेत समजावून देण्याचे काम अद्याप शिल्लक आहे. त्यात वैद्यक, भौतिकशास्त्र आणि मराठी या तिन्ही विषयांच्या अध्यापकांना वाटा उचलता येईल.